पावती गाडीवर असते

विद्यापीठात गाड्या चार हजार आणि त्या लावायला जागा अडीच हजार. उरलेल्या दीड हजार गाड्यांचं काय करायचं, या प्रश्नाला विद्यापीठाने शोधलेलं उत्तर म्हणजे जॅमर. चाकाला अडकवतात त्या पिवळ्या लोखंडी खोड्याला जॅमर म्हणतातच, पण तो अडकवणाऱ्या माणसालाही सगळे जॅमरच म्हणायचे. त्याचा खरा हुद्दा वाहनतळ निरीक्षक. पण तो फक्त पगाराच्या कागदाला आणि बायकोच्या मैत्रिणींना माहीत होता.

तेवीस वर्षं हा माणूस सकाळी आठला पहिल्या फाटकापासून चालायला लागायचा. लाल परवाना प्राध्यापकांचा, हिरवा विद्यार्थ्यांचा, पिवळा पाहुण्यांचा. लाल जागेत हिरवा दिसला की पावती, हिरव्या जागेत पिवळा दिसला की पावती, आणि आरशाला काहीच लटकलेलं नसलं तर पावती आणि वर जॅमर. काच धुळकट असली तर तो आधी खिशातला स्वतःचा रुमाल काढून काच पुसायचा, आत नीट डोकावून बघायचा आणि मगच पावती फाडायचा. बायको म्हणायची, "जगाच्या काचा पुसून आणलेला रुमाल मी धुते, त्याची पावती कुणावर फाडायची?"

लोक चिडायचे, अंगावर यायचे. "मी तुझं काय घोडं मारलंय?" असं एका विभागप्रमुखांनी भर रस्त्यात विचारलं होतं. जॅमर कधी आवाज चढवायचा नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते तो सगळ्यांना सारख्याच गोडीने ऐकवायचा. "रागावू नका साहेब. पावती गाडीवर असते, माणसावर नसते. पटत नसेल तर अपील करा ना, मंगळवारी समिती बसते."

हे ऐकून माणूस जास्तच भडकायचा, कारण जॅमरविरुद्ध अपील जिंकलेला प्राणी विद्यापीठात जन्माला यायचा होता. नियम असा, की पावती लिहिणाऱ्याने समितीपुढे साक्षीला यायचं. जॅमर इस्त्री केलेला शर्ट घालून, वही घेऊन यायचा. वहीत वेळ असायची, ऊन की सावली ते असायचं, चाकात हवा भरायचं तोंड घड्याळात किती वाजल्याच्या जागी होतं तेसुद्धा असायचं. एकदा भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी समितीला दमवायचं म्हणून एकाच दिवशी अकरा अपिलं ठोकली. तेव्हा जॅमरनेच समितीला तोडगा सुचवला: एका पावतीची एक सुनावणी, आणि एका अर्जदाराला महिन्याला एकच सुनावणी. तो नियम झाला. प्राध्यापक तिसऱ्या महिन्यात थकले आणि सायकलवर यायला लागले.

असा हा माणूस साठीला आला आणि निवृत्त व्हायला चार महिने उरले. तोवर त्याच्या मनात निवृत्तीबद्दल काही नव्हतं. मग एके दिवशी फाटकापाशी त्याला ग्रंथालयातले जुने कारकून दिसले. बत्तीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. ते चालत आले होते, म्हणून पहारेकऱ्याने त्यांच्यापुढे पाहुण्यांची चिठ्ठी सरकवली. नाव, पत्ता, आणि तिसरा रकाना: कामाचं स्वरूप. म्हाताऱ्याने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, "सहज."

"सहज चालत नाही हो," पहारेकरी म्हणाला. "काम लिहा."

म्हाताऱ्याला काम सुचलं नाही. तो आल्या पावली परत गेला. त्याच वेळी शेजारून एक निवृत्त कुलसचिव गाडीतून आले. त्यांच्या आरशाला रुपेरी परवाना लटकत होता. रुपेरी म्हणजे निवृत्तांचा, तहहयात; तो हातात धरून चालत आलं तरी फाटकावर कुणी अडवायचं नाही. दांडा आपोआप वर गेला, पहारेकऱ्याने सलाम ठोकला, आणि काम काय हे कुणी विचारलं नाही.

जॅमरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चार महिन्यांनी आपणही पेन चावत उभे राहणार, हे त्याला स्वच्छ दिसलं आणि त्याला भीती वाटली. तेवीस वर्षांत त्याने विद्यापीठातलं एकेक झाड सावलीसकट पाठ केलं होतं. ते सगळं त्याला परकं होणार होतं, का, तर रकान्यात लिहायला काही नाही म्हणून.

"मला रुपेरी परवाना पाहिजे," त्याने बायकोला सांगितलं.

"मिळायलाच पाहिजे," बायको म्हणाली. तिला वेगळीच काळजी होती. गेल्या रविवारी हा माणूस घरी होता, तर त्याने दारातल्या चपला रेषेत लावल्या आणि शेजारणीच्या चपलेवर "मार्गात अडथळा" अशी चिठ्ठी ठेवली. शेजारीण अजून बोलत नव्हती. "तुम्ही रोज घरात राहिलात ना, तर मी माहेरी जाऊन बसेन. या वयात. पण अहो, परवाना गाडीला देतात. तुमच्याकडे गाडी कुठेय? तुम्हाला चालवता तरी येते का?"

येत नव्हती. पण परवान्याच्या नियमात गाडी चालली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. जॅमरने पुस्तिका दोनदा वाचली. गाडी अर्जदाराच्या नावावर पाहिजे, आणि तिच्यावर दंड बाकी नको. बस्स.

आणि त्याला रसायनशास्त्राच्या मागची गाडी आठवली.

ती करड्या रंगाची छोटी गाडी एका संशोधक विद्यार्थ्याची. तो पदवी घेऊन परदेशी गेला आणि गाडी तिथेच राहिली. ती हलवायची फाइल पाच वर्षं फिरत होती, कारण गाडीखालची जमीन रसायनशास्त्राची की बागेची, हेच ठरत नव्हतं. चारही चाकं बसली होती आणि टपावर गवत उगवलं होतं. जॅमरने त्या विद्यार्थ्याचा पत्ता विभागातून काढला आणि गाडी देता का, असं पत्र लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं. सह्या केलेले कागद, किल्ली, आणि एक ओळ: "काका, आनंदाने घ्या. ब्रेक नाहीत, जपून."

गाडी नावावर झाली. जॅमर छाती काढून परवान्याच्या खिडकीशी गेला. खिडकीतल्या बाईंनी गाडीचा नंबर यंत्रात घातला आणि त्या बघतच राहिल्या.

"काका, हिच्यावर दोनशे एक्केचाळीस पावत्या बाकी आहेत."

त्या कुणी फाडल्या, हे विचारायची गरज नव्हती. दर सोमवारी सकाळी नवाला, काच पुसून, आत डोकावून, एक. कधी ताप असतानाही चुकवली नव्हती. सोडून दिलेली गाडी आहे, जाऊ दे, असं दुसरा कुणी म्हणाला असता. जॅमर म्हणाला नव्हता.

"पण गाडी माझी आत्ता झाली! पावत्या जुन्या मालकाच्या काळातल्या."

"काका," बाई अगदी हळू म्हणाल्या, "पावती गाडीवर असते. माणसावर नसते."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकूण दंडाचा आकडा सांगायच्या आधीच बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला होता. तो पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "अपील करा ना. मंगळवारी समिती बसते."

नवरा-बायकोने दोन दिवस बसून दोनशे एक्केचाळीस अर्ज लिहिले. बायकोच्या बोटांना घट्टे पडले. सगळे अर्ज एकदम निकालात काढायला एकच वाट होती: पावती लिहिणाऱ्याने समितीपुढे "माझी चूक झाली" म्हणायचं. मग समितीला अख्खा गठ्ठा रद्द करता येत होता. "एक शब्द बोलायचाय," बायकोने दहा वेळा बजावलं. "चूक झाली. घरी म्हणून बघा."

"तिथे म्हणेन," जॅमर म्हणाला.

निवृत्तीला तीन दिवस असताना मंगळवार आला. एरवी समितीच्या खोलीत कुत्रं फिरकत नसे, पण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी फुटली होती. तेवीस वर्षं पावत्या खाल्लेले झाडून सगळे आले होते. घोडं मारलेले विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते. भूगर्भशास्त्रवाले सायकलचा पंप हातात घेऊन भिंतीला टेकले होते. सगळ्यांना जॅमरच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा होता. बायको मागच्या बाकावर पदर खोचून बसली होती.

समितीच्या अध्यक्ष कायदा शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या स्वतः तीन अपिलं हरल्या होत्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी कोरा रुपेरी परवाना आधीच मागवून टेबलावर ठेवला होता. खिडकीतून ऊन येत होतं आणि तो चमकत होता.

"अर्जदार कोण?" कारकुनाने विचारलं.

"मी," म्हणून जॅमर डाव्या खुर्चीत बसला.

"साक्षीदार?"

"मीच," म्हणून तो उठून उजव्या खुर्चीत बसला. खोली हसली. तो हसला नाही. वही उघडून त्याने मांडीवर ठेवली.

"पहिली पावती," बाई म्हणाल्या. "परवाना लावलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. आता नीट ऐका. गाडी उघड्यावर उभी होती. काचेवर धूळ होती. आत परवाना असेल आणि धुळीमुळे तुम्हाला दिसला नसेल, असं होऊ शकतं की नाही?"

याहून मोठं दार कुणी कुणाला उघडून दिलं नसेल. "हो" म्हटलं की झालं. विभागप्रमुख पुढे झुकले. बायकोने श्वास धरला. जॅमरने टेबलावरच्या परवान्याकडे पाहिलं. त्याला ग्रंथालयातला म्हातारा दिसला, चावलेलं पेन दिसलं. त्याला परवाना हवा होता. इतका हवा होता की डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने वहीकडे पाहिलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "होऊ शकत नाही. मी काच पुसून बघितली होती."

"अहो!" मागून बायको.

"रुमालाने," जॅमर म्हणाला. "दोनदा."

खोलीतून एक उसासा निघाला. बाईंनी आणखी एकदा प्रयत्न केला. अर्जदार म्हणून काही सांगायचंय का, असं विचारलं. जॅमर उठून डाव्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साक्षीदार खोटं बोलणारा माणूस नाही. मी त्याला ओळखतो."

अपील फेटाळलं गेलं. बाईंनी परवाना उचलून पाकिटात घातला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बायको शेजारच्या बाकाला सांगत होती, आणि शेजारच्या बाकावर विभागप्रमुख होते. ते मान हलवत होते, पण त्यांचा चेहरा येतानाइतका कडू राहिला नव्हता. जॅमर वही मिटून बसून राहिला. शुक्रवारनंतर आपण कोणी नाही, एवढंच त्याला कळत होतं.

तेवढ्यात कारकुनाने गठ्ठा पुढे ओढला. "उरलेल्या दोनशे चाळीस. पुढची सुनावणी पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार."

"आज सगळ्या घेऊन टाका की," बाई म्हणाल्या.

"नाही घेता येत. चूक कबूल झाली असती तर गठ्ठा एकदम सुटला असता. आता एका पावतीची एक सुनावणी, महिन्याला एकच. नियम आहे." त्याने चष्म्यावरून जॅमरकडे पाहिलं. "यांनीच करवून घेतलेला."

जॅमरने मान वर केली. हळूहळू, अगदी हळूहळू, त्याच्या चेहऱ्यावर ऊन यायला लागलं.

"दोनशे चाळीस भागिले बारा किती हो?" त्याने विचारलं.

"वीस," कारकून म्हणाला.

"आणि अपील चालू असेपर्यंत गाडी हलवता येत नाही."

"नाही."

"अर्जदाराला यावंच लागतं. आणि पावती लिहिणारा निवृत्त झाला तरी साक्षीला त्यालाच बोलावतात."

"त्यालाच."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरली. भूगर्भशास्त्रवाल्यांनी पंप काखेत धरून टाळी वाजवली. त्यांना तिसऱ्या महिन्यात न सुचलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी सुचली होती.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून एक माणूस फाटकापाशी चालत आला. सोबत बायको होती, डबा घेऊन. रसायनशास्त्राच्या मागे आपल्या मालकीची गाडी आहे, तर तिच्यात बसून जेवू, असं तिनेच ठरवलं होतं. पहारेकऱ्याने चिठ्ठी सरकवली. जॅमरने आणखी एक मागून घेतली. पहिलीच्या तिसऱ्या रकान्यात त्याने ठळक अक्षरात लिहिलं, "अपील." दुसरीच्या रकान्यात लिहिलं, "त्याच अपिलात साक्ष." पहारेकऱ्याने दोन्ही वाचल्या, आणि काय करावं न सुचून दोनदा सलाम ठोकला.

आत शिरल्यावर बायको बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे ऐंशीव्या वर्षापर्यंतची सोय झाली," ती म्हणाली. मग थबकली. "पण अहो, एखाद्या महिन्यात चुकून तुम्ही जिंकलात तर?"

जॅमरही थांबला. तिच्या बोलण्याने तो खरोखर दुखावला होता.

"मी जिंकेन?" तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध?"