तीन मोहऱ्यांचा डाव

दीड वर्षापूर्वी श्रावणात वसमतच्या बसस्थानकावर एसटीतून उतरताना माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर झालं. दोन महिने पाय जमिनीला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी शाळेत गणित शिकवते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण शाळा चालू असताना भरदुपारी घरी बसायची वेळ पहिल्यांदाच आली. नवरा सकाळी नोकरीसाठी नांदेडला जायचा तो संध्याकाळी परतायचा. दिवसभर घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

आमच्यात कधी भांडण झालं नव्हतं. तसं बोलणंही फार होत नव्हतं. आज भाजी कोणती, दूधवाला आला का, वाळवण काढलं का, एवढ्यावर आमचं चालायचं. सासरे कचेरीत कारकून होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. सासूबाईंचं वय सदुसष्ट. स्वभाव मोजका. प्लास्टर झाल्यावर त्यांनी काही न बोलता माझी आंघोळ, माझं ताट, माझी उशी सगळं आपल्याकडे घेतलं. मला त्याचा फार संकोच वाटायचा. संकोच लपवायला मी मोबाइल घेऊन बसायची.

कॉलेजात मी बुद्धिबळ खेळायची. विद्यापीठाच्या संघातही होते. नंतर सुटलं ते सुटलंच. आता रिकाम्या दुपारी मोबाइलवर मोठ्या स्पर्धा बघायला लागले. त्या महिन्यात पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात जगातल्या नावाजलेल्या बायकांची स्पर्धा चालू होती. त्यांचे डाव आपल्याकडे दुपारी सुरू होत आणि चार-साडेचारला, चहाच्या वेळेला, रंगात येत.

एकदा सासूबाई चहाचा कप ठेवायला आल्या आणि तिथंच थबकल्या. पडद्यावर लाल स्वेटर घातलेली एक बाई गाल हातावर टेकवून बसली होती. पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि समोरच्या चष्मेवालीचं एक प्यादं, एवढंच उरलं होतं.

"ही इतकी काहून विचार करून राहिली? सगळं तर संपलंय," सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, की चष्मेवालीला ते प्यादं शेवटच्या घरापर्यंत न्यायचंय. तिथं पोचलं की त्याचा वजीर होतो. लाल स्वेटरवालीला ते अडवायचंय. ती आपला हत्ती एका आडव्या रांगेत धरून बसली होती, म्हणून समोरच्या राजाला पुढं सरकता येत नव्हतं. सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. थोड्या वेळानं उठून कुकर लावून आल्या.

"अजून तिथंच?"

"तिथंच."

"बरी चिवट हाय."

शेवटी चष्मेवालीनं प्यादं पुढं ढकललं. त्याबरोबर लाल स्वेटरवालीनं हत्ती उचलून पार पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. राजाला आता पुढं लपायला जागाच नव्हती, कारण ती जागा त्याच्याच प्याद्यानं घेतली होती. पंधरा-वीस चालींनी डाव बरोबरीत सुटला. दोघींनी हात मिळवले. सासूबाईंनी थंड झालेला कप उचलला आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या पण असं थोडं राहिलं की मला हाक मार. सुरुवातीला लई गर्दी असती, ती मला समजत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी हाक मारली. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच चार वाजता येऊन बसल्या. त्यांना खेळ येत नव्हता, म्हणून मी नवऱ्याला माळ्यावरून माझा जुना पट काढायला लावला आणि सगळे मोहरे मांडायला घेतले. त्यांनी माझा हात धरला.

"इतके नको. कमी कर."

मी दोन राजे आणि एक प्यादं ठेवलं. तीन मोहरे. सासूबाईंचं शिक्षण तिथून सुरू झालं. बहुतेक लोक खेळ पुढून शिकतात, त्या मागून शिकल्या. प्यादं आधी पळवायचं नाही, राजानं त्याच्या पुढं चालून वाट मोकळी करायची, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. एकट्या राजानं प्यादं अडवायचं कसं, हे कळायला आठवडा लागला. दोन राजे समोरासमोर आले, मधे एकच घर राहिलं, की ज्याच्यावर चाल असते तो अडचणीत येतो. आणि मागं हटायची वेळ आली तर सरळ मागं हटायचं, डावी-उजवीकडे नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगायची, त्या पुन्हा पुन्हा चुकायच्या, आणि न चिडता राजा उचलून परत पहिल्या घरात ठेवायच्या.

एका डावात एक फार मोठी खेळाडू राजा, उंट आणि घोडा घेऊन समोरच्या एकट्या राजाला मात देऊ पाहत होती. ही मात अवघड. उंट ज्या रंगाच्या घरांवरून चालतो त्याच रंगाच्या कोपऱ्यात त्या राजाला कोंडावं लागतं, आणि तेही पन्नास चालींच्या आत. तिनं त्याला नेमकं चुकीच्या कोपऱ्यात नेलं. चाली संपत आल्या. ती पाणी प्यायली, केस मागं सारले, परत खेळली. पन्नास चाली भरल्या आणि जिंकलेला डाव बरोबरीत गेला. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या मोठ्या बाईलाबी विसरायला होतं. मग माझं काय घेऊन बसलीस."

त्या दिवशी प्लास्टरबाहेरची माझी पायाची बोटं पुसताना त्यांनी मला त्यांच्या माहेरचं सांगितलं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा त्या वर्गात पहिल्या होत्या. पाढे तीसपर्यंत पाठ होते. अकरा वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मी गणिताची बाई. मी कधी विचारलंच नव्हतं.

प्लास्टर निघालं, मी शाळेत जायला लागले, तरी संध्याकाळचा आमचा डाव चालू राहिला. मोहरे हळूहळू वाढले, पण सासूबाईंना भरलेला पट कधी आवडला नाही.

जानेवारीत हिंगोलीला एका शाळेच्या सभागृहात बायका-मुलींची बुद्धिबळ स्पर्धा होती. मी नाव दिलं. सासूबाई बघायला म्हणून बरोबर आल्या, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. तिथं खेळाडू भरले एकोणीस. जोड्या लावायला एक कमी पडत होतं. संयोजकांनी इकडं तिकडं बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला येतं का थोडंफार?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "शेवटचं येतं."

संयोजकांना त्याचा अर्थ कळला नाही, पण नाव लिहून घेतलं.

पहिल्या फेरीत एका कॉलेजच्या मुलीनं त्यांना आठव्या चालीला मात दिली. सासूबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माझं यायच्या आधीच संपलं की." मी म्हटलं, पुढच्या वेळी जे समोर येईल ते मारामारी करून कमी करा, वजीर गेला तरी चालेल, फक्त तोडीस तोड सौदा करा. त्यांनी ते मनावर घेतलं. दुसरा डाव हरल्या, पण तिसरा आणि चौथा जिंकल्या. दोन्ही वेळा त्यांनी पट जवळजवळ रिकामा करून टाकला आणि मग पदर खोचून बसल्या. माझे स्वतःचे चारपैकी दोन डाव गेले होते, पण त्यातलं मला आज फारसं आठवत नाही. मी त्यांचाच पट बघत होते.

शेवटच्या फेरीत त्यांच्यासमोर तेरा वर्षांची एक मुलगी आली. सेनगावकडच्या एका तांड्यावरची. वडलांच्या मोबाइलवर एकटीच शिकलेली. तिचेही दोनच गुण होते, पण चौदा वर्षांखालच्या मुलींचं बक्षीस तिला हा डाव जिंकला तर मिळणार होतं. वडील सभागृहाच्या दारात उभे राहून आत बघत होते.

मुलगी झपझप खेळायची. सासूबाई मात्र चाल झाल्यावर पटाशेजारचं घड्याळ दाबायला विसरत होत्या, म्हणजे त्यांचाच वेळ पुढं चालू राहायचा. पहिल्यांदा विसरल्या तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आजी, घड्याळ दाबा." मग परत एकदा. मग तिसऱ्यांदा. तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर सासूबाईंचा वेळ संपून डाव तिच्याच खिशात होता.

मोहरे मारले जात राहिले. वजीर गेले, हत्ती गेले, उंटाला उंट गेला. मुलीकडं दोन प्यादी उरली, सासूबाईंकडं एक. त्यांतलंही एकास एक गेलं. पटावर दोन राजे आणि मुलीचं एक प्यादं. मुलीनं मागं वळून वडलांकडं पाहिलं आणि प्यादं पुढं ढकललं. मग परत पुढं. राजाला तिनं प्याद्याच्या मागंच ठेवलं होतं.

सासूबाईंचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा होता आणि आता त्यांना मागं हटायचं होतं. त्यांचा हात राजावर गेला, थांबला, परत मांडीवर आला. मग त्यांनी राजा सरळ मागं घेतला. मुलीचा राजा डावीकडून पुढं आला, तसा त्यांचाही त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. मुलीनं प्यादं ढकलून शह दिला. सासूबाईंचा राजा प्याद्याच्या पुढच्या घरात. आता ते प्यादं सोडलं तर आयतं मरतं, आणि राखायला राजा आणला तर समोरच्या राजाला हलायला घरच उरत नाही. मुलीनं राजा आणला. शह नाही, आणि हलायला जागा नाही.

पंचांनी बघितलं आणि म्हणाले, "बरोबरी."

"बरोबरी काहून? माझं प्यादं हाय ना," मुलगी म्हणाली. पंचांनी समजावलं, की शह नसताना समोरच्याला चालच उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. तिनं ऐकलं आणि टेबलावर डोकं ठेवलं.

सासूबाई उठून माझ्याकडं आल्या. मला वाटलं होतं खूश असतील. त्यांचा चेहरा पडला होता.

"लेकराचं बक्षीस गेलं की माझ्यामुळं. ती मला घड्याळ दाबा, घड्याळ दाबा म्हणत होती."

मी म्हटलं, "आई, खेळ आहे. तुम्ही चांगलं खेळलात."

"व्हय. पण राजा आधी पुढं काढायचा हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. माझ्याजवळ तू होतीस."

त्यांनी संयोजकांकडून एक पट मागून घेतला आणि बाहेर गेल्या. बापलेक शाळेच्या पायऱ्यांवर बसले होते. मुलगी तोंड फिरवून बसली. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या, पट मांडला, तीन मोहरे ठेवले.

"हे बघ. आता प्यादं माझं, राजा तुझा. मला अडव."

मुलीनं बघितलं नाही. वडील म्हणाले, "बघ की गं, आजी काय म्हणून राहिल्या."

तिनं नाइलाजानं एक चाल केली. सासूबाईंनी प्याद्याला हातच लावला नाही. राजा पुढं नेला, आणखी पुढं नेला, मग प्यादं एक घर. मुलीचा राजा बाजूला ढकलला गेला आणि प्यादं निवांत शेवटच्या घरात पोचलं. मुलगी आता पटाकडं वाकली होती.

"परत," ती म्हणाली.

परत झालं. मग त्यांनी बाजू बदलल्या. तिसऱ्या वेळी मुलीनं स्वतः राजा आधी पुढं काढला आणि ती जिंकली. मग आणखी दोनदा जिंकली. मी घड्याळाकडं बघत होते. वसमतची गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती, त्यांची सेनगावची जीपही. कुणालाच ते सांगायचा धीर मला झाला नाही.

"आजी, तुमी कुठं शिकल्या?" मुलीनं विचारलं.

"घरी. सुनेकडून. तिचा पाय मोडला होता."

मुलीनं माझ्या पायाकडं पाहिलं, जणू त्यातच काहीतरी असावं. तिचे वडील पहिल्यांदा हसले. मग आम्ही चौघांनी उरलेली भाकरी खाल्ली आणि एकमेकांचे फोन नंबर घेतले.

तेव्हापासून रविवारी सकाळी फोन येतो. मोबाइलवर दोघींचा डाव होतो. सासूबाई बहुतेक वेळा हरतात. मुलगी झपाट्यानं पुढं गेली आहे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत ती यंदा पहिली आली. ते सांगायला तिनं आधी सासूबाईंना फोन केला आणि मग आपल्या वर्गशिक्षिकेला. सासूबाईंनी ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील तिला चार दिवस आमच्याकडं सोडून गेले. मी पेपर तपासत होते. बाहेरच्या खोलीत पट मांडलेला होता, सगळेच्या सगळे बत्तीस मोहरे. मुलगी सासूबाईंना डावाची सुरुवात शिकवत होती.

"आजी, सगळं मारायचं न्हाई. आधी घोडे बाहेर काढा."

"काढते की. तू घाई काहून करून राहिलीस?"

"घड्याळ चालू हाय."

"मग बंद कर," सासूबाई म्हणाल्या, आणि घोड्यावर बोट ठेवून विचार करत बसल्या.