तो पार्ट किसनकाकांनी बसवला नव्हता

किसनकाका जुगाडू नव्हते.

आज सकाळपासून आमच्या मोटारहोमवाल्यांच्या ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली हात जोडलेले इमोजी पडतायत. अ‍ॅडमिननी लिहिलंय, "ग्रेट जुगाडू मेकॅनिक हरपला."

ते वाचून डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय.

कामथडीला हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड. जुन्या गाड्यांची कामं करण्यात जन्म गेला, पण "चालतंय की" म्हणून त्यांनी कधी काही बसवलं नाही.

माझी गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आधीच्या मालकानं आत बेड, ओटा, बेसिन करून तिचं घर केलेलं. ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलंय. काहीही बिघडलं की शोरूमवाले एकच सांगायचे, स्क्रॅप करा.

त्या गाडीचे पडदे माझ्या बायकोनं, मेघनानं, स्वतः शिवलेत. म्हणे स्क्रॅप करा.

दोन वर्षांपूर्वी ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला. ग्रुपवर विचारलं, तर अ‍ॅडमिननी पुण्यातून एक पाठवून दिला. नवा कोरा. बॉक्सवर आमच्याच गाडीचं नाव. सेम टू सेम आहे, कोणीही बसवून देईल, म्हणाले.

किसनकाकांनी तो हातात घेतला. व्हर्नियर लावून मापला आणि परत बॉक्समध्ये ठेवला.

"आवी, बाहेरनं सारखा दिसतोय, पर आतनं बारीक हाय. पायडल तळाला जाईल आन् गाडी थांबायची न्हाई. म्या ह्यो बसवनार न्हाई. आठ दिस दे मला."

माझी रजा मंजूर झाली होती. कोकणात जायचं ठरलं होतं.

मी त्यांना म्हणालो, सगळ्या जगाला कळत नाही आणि तुम्हालाच तेवढं कळतं का.

माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला बोललो हे.

चौथ्या दिवशी टोचन लावून गाडी ओढत दुसऱ्या गॅरेजला नेली. त्यांनी तासाभरात अ‍ॅडमिनचा तोच पार्ट बसवला. सपाटीला ब्रेक लागत होते.

वरंधा घाटाच्या उतारावर पायडल तळाला गेलं.

पहिला गिअर, हँडब्रेक, आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दुसऱ्या अंगाला दरी होती.

मेघनाचं मनगट मोडलं. तेवढ्यावर निभावलं.

मी फोन कुणाला केला? किसनकाकांनाच.

तिला मागून आलेल्या एका जीपमधून दवाखान्यात पाठवलं आणि मी गाडीपाशी थांबलो. काका मोटारसायकलवर आले. पिशवीत बरोबर मापाचा सिलिंडर होता.

मी रुसून बसलो होतो त्या चार दिवसांत हा माणूस वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्या फिरत होता. मार्गासनीच्या वर एका धनगराच्या आवारात आमच्याच मॉडेलची मोडकी मिनीबस सापडली. तिच्यात शेळीची करडं बांधत. करडं बाहेर काढून, गाडीखाली आडवं होऊन काकांनी पार्ट सोडवला. नंबर जुळवला. आतली रबरं नवी घातली.

ह्याला जुगाड म्हणतात?

आता खरी लाज.

अपघाताची बातमी मी ग्रुपवर टाकली. कुणीतरी लिहिलं, "गावठी मेकॅनिककडे दिल्यावर दुसरं काय होणार?" कारण काकांचं नाव पूर्वी मीच ग्रुपवर सुचवलं होतं.

अ‍ॅडमिननी त्या मेसेजला अंगठा दिला. पार्ट कुणी पाठवला ते त्यांना माहीत होतं. कुणी बसवला नाही, ते मला माहीत होतं.

मी गप्प बसलो. अ‍ॅडमिनशी वाकडं कशाला, पुढं पार्ट लागतील, असा हिशोब केला.

पुण्याहून काकांकडे येणारी ग्रुपची माणसं हळूहळू यायची बंद झाली.

काकांच्या कानावर ते गेलंच. एकदा बोनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाले, "आवी, तेवढं त्या ग्रुपवर लिव. ते काम माझं न्हवतं."

आजच लिहितो, म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी नंतर कितीदा गेलो, ते आधी मेघनाच्या मनगटाचं विचारायचे, मग गाडीचं.

काल हार्ट अटॅकनं गेले.

आज सकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं. पार्ट कुणाचा होता, गॅरेज कुठलं होतं, गप्प कोण बसलं. दहा मिनिटांत अ‍ॅडमिननी माझा मेसेज डिलीट केला आणि मला ग्रुपमधून काढलं. इमोजी चालू असतील अजून.

म्हणून इथं, सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. शेअर करा. त्या ग्रुपमधलं कुणी ओळखीचं असेल तर त्याला दाखवाच.

दुपारी कामथडीला गेलो. काकूंसमोर बसून तो मेसेज वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

मग म्हणाल्या, "त्यांला वाचून दाखवायचा व्हता, बाबा."

काका, उशीर केला मी. तुमच्या पायांशी डोकं ठेवतो.