दाभणाची शिकवणी

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं पुस्तकं बांधत होते. कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयाची फाटकी पुस्तकं, समोर येईल ते. बोटात सुई शिरली तर बोट तोंडात घालायचे आणि दुसऱ्या हाताने दोरा ओढत राहायचे. दुखलं म्हणून कधी हूं की चूं केलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. तेव्हापासून तर बोलणंच टाकलं त्यांनी. जेवायला हाक मारली की "आलो", वाढायला गेलं की "पुरे". दिवसाकाठी हे दोन शब्द. त्या मुकेपणाचा मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

मग नवऱ्याने पिल्लू आणलं. तपकिरी, पोट टम्म आणि तोंडात नुसत्या सुया. पहिल्याच दिवशी त्याने अण्णांच्या अंगठ्यातून रक्त काढलं, आणि अण्णा वर्षभरात पहिल्यांदा हसले. "हा तर दाभण आहे," म्हणाले. दाभण म्हणजे जाड पुठ्ठ्यातून दोरा काढायची त्यांची मोठी सुई. नाव पडलं ते पडलंच. त्यांच्या खोलीत एक पलंग आणि पुस्तकं दाबायचा जुना लोखंडी शिकंजा, एवढंच सामान. तिथून आता दिवसभर आवाज येऊ लागला. "दाभणशेठ, चप्पल सोडा. तुमच्या तीर्थरूपांची आहे का ती?"

आणि एक दिवस दाभण माझ्या दोन वर्षांच्या लेकीच्या पोटरीला चावला. मी तोंड सोडलं. "अण्णा, एक महिना देते. तोवर याची खोड मोडली नाही, तर हा या घरात दिसायचा नाही." दुसऱ्या दिवशी अण्णा पिल्लाला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. मीही मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मारायचं नाही. चावला की जोरात ओरडायचं. हात काढून घ्यायचा आणि पाठ फिरवायची. थोडा वेळ कुणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकाने जरी लाड केले तरी सगळं पाण्यात जाईल."

मी ते ठळक अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. पण ओरडायचं कसं? अण्णांचं पहिलं "आई गं" म्हणजे घसा खाकरल्यासारखं होतं.

"असं नाही हो अण्णा. खरंखुरं ओरडा. पोटातून येऊ दे."

"सूनबाई, सवय नाही गं मला त्याची."

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि त्यांना ओरडायला शिकवलं. आठवड्याभरात म्हातारा असा तयार झाला की शेजारीण हातातला झारा घेऊन धावत आली. काय चाललंय ते कळल्यावर हसत हसत परत गेली. पुढे घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. त्यांच्या खोलीतून "आई गं" आलं की मी ओट्याकडे तोंड करायची, नवरा पेपरात डोकं घालायचा, लेक पाठ करून डोळ्यांवर हात ठेवायची. दाभणही शहाणा झाला. हात सोडायचा आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.

महिना संपायला चार दिवस होते. लेकीने त्याच्या तोंडात बोट घातलं. त्याने ते दात न लावता धरलं आणि सोडून दिलं.

"राहिला ना मग?" अण्णांनी विचारलं.

"राहिला," मी म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी इस्त्री करत होते. अण्णांच्या खोलीतून आवाज आला, "आई गं!" थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा खालच्या आवाजात. माझ्या कपाळावर आठी चढली. आला वाटतं मूळपदावर! पण नियम म्हणजे नियम. लेकीने डोळ्यांवर हात ठेवले, मी मान वर केली नाही. चार शर्ट झाले. दोन चादरी झाल्या. मग चहाला हाक मारली, तर "आलो" आलं नाही.

अण्णा शिकंज्याशेजारी पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, डोळे उघडे होते. दाभण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"किती वेळ झाला?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं. मी शर्ट आणि चादरी आठवत बसले. "तासभर," असं सांगितलं. ते म्हणाले, "लगेच आणलं असतं तर..."

आता अण्णा घरी आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "आलो" नाही, "पुरे" नाही. फ्रिजवरचा कागद मी फाडून टाकला. त्यांचा हात पलंगावरून खाली लोंबतो, मी तो वर ठेवते, तो पुन्हा घसरतो.

काल घरात दुसरं कुणी नव्हतं. मी खाली बसले आणि अण्णांची बोटं दाभणाच्या तोंडात दिली. "चाव," म्हणाले. "चाव रे बाबा, मी काही म्हणणार नाही." त्याने बोटं धरली, दात न लावता, शिकवलं होतं तसंच, आणि सोडून दिली. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"आई गं," माझ्याच तोंडून निघालं.

दाभण उठला, कोपऱ्यात गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला.