नावाडी कुठे गेला?

कपाट आवरायला घेतलं की डांबरगोळ्यांच्या वासातून ती कादंबरी हाती लागते आणि माझं डोकं फिरतं. निळं, जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर धुक्यातली रिकामी नाव. किती आशेनं विकत घेतलं होतं!

अनसिंग गावी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी ते सोबत नेलं. दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, बौद्ध विहारात ग्रंथ वाचून दाखवणारी ती. एकदा हाती घेतलेलं वाचन मध्येच सोडायचं नाही, हा तिथला शिरस्ता. तिला नुसतं डोळे मिटून बसवणं अवघड होतं, म्हणून दुपारी मीच मोठ्यानं वाचू लागलो. सुरुवात काय झकास होती! उलटी वाहणारी नदी, आणि एका सकाळी नावाड्याशिवाय परत आलेली नाव. घरी त्याची बायको ताट झाकून बसलेली. आत्या सरसावून बसली. तिचा नवरा ऐन तारुण्यात कामासाठी परमुलखात गेला, तो परतलाच नाही. आहे की गेला, हेही कधी कळलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "याचा पत्ता सापडन. लिवणाऱ्याले त मालूम असन ना."

लिहिणाऱ्याला कसलं मालूम! शंभराव्या पानावर बोलणारं घुबड आलं, मग एक राजकन्या, मग तिची जुळी बहीण, मग शाप, मग उःशाप. प्रत्येक प्रकरणात नवी जादू, पण नावाड्याला शोधायला एक माणूस घराबाहेर पडेल तर शपथ. माझा पारा चढत गेला. "सोड आत्या, भंगार आहे हे."

"सुरू केलं ते पुरं करा लागते. वाच."

वाचलं. शेवटच्या पानावर राजकन्येचं लग्न लागलं आणि पुस्तक संपलं.

"मंग नावाडी कुठी गेला?"

पानं चिकटली असतील म्हणून मी मागेपुढे चाळलं. काही नव्हतं. मग मनानंच सुरू केलं, "तो पलीकडच्या गावात सुखरूप..."

"हे पुस्तकात नाई ना?"

"नाही."

"मंग नोको सांगू. असं सांगणारे लय भेटले मले."

एक ओळ, फक्त एक ओळ लिहायला त्या लेखकाला कितीसा वेळ लागला असता? आता आत्याही नाही. इतक्या वर्षांत माझा राग निवायला हवा होता. तो निवत नाही, आणि अलीकडे वाटतं, निवू नयेच.