काकूंच्या तोंडी घातलेलं युद्ध

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मित्रांसमोर एकदा सुरुवात केली होती, मग चहा मागवला आणि विषय बदलला. आज नाही बदलत.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. 'जाब द्या', 'जनतेशी खोटं बोलणं बंद करा' – असल्या मथळ्यांवर माझा हात बसलेला. आमच्या आमदारांची भाषणंही मीच लिहायचो. दुसऱ्यांना खोटारडं म्हणायचा ठेका जणू माझ्याकडेच होता. आता त्याचाही शीण आलाय.

सीमेवर हल्ला झाला, जवान गेले. दिल्लीने युद्ध पुकारावं, असा ठराव विधानसभेत येणार होता. युद्ध काही आमदार ठरवत नाहीत, ठाऊक आहे. पण हात वर करायचा की नाही, एवढं तरी त्यांना ठरवायचं होतं ना? आमच्या साहेबांचं ठरत नव्हतं. पक्षातले सगळे पेटलेले, हे एकटे गप्प. मला म्हणाले, "तू काष्टीचा. तुमच्याकडची लई पोरं फौजेत. एखाद्या आईला विचारून ये. ती म्हणेल तसं करतो."

किती साधं काम होतं, सांगा.

संत्या माझ्या वर्गातला, तेव्हा सीमेवरच होता. त्याच्या घरी गेलो. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, ओट्यावर बाजारासाठी लिंबं निवडत होत्या. मी विचारलं. त्यांचा हात थांबला नाही.

"लढाई आली तर माजं पोरगं लढंल. म्हागं न्हाई सरायचा त्यो. पर आपुनहून मागू नगा म्हनावं सायबाला. मागनाऱ्याचं कोन असतंय रं तिथं?"

मग पिशवीभर लिंबं दिली. "सायबाला दे. सरबत प्या म्हनावं, डोकं थंड ऱ्हातंय."

मी हसलो. परतताना केडगावच्या छापखान्यात थांबलो. माझं पत्रक तयार होतं – 'चर्चा पुरे, आता रणगाडे!' ओली शाई, ठसठशीत अक्षरं. इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं – आणि माझ्याच गावची बाई त्याच्या उलट बोलते?

सावेडीत साहेबांच्या बंगल्यावर लिंबं पोचवली. निरोप नाही.

"काकू म्हणाल्या, आता माघार नको."

साहेबांनी पिशवीतलं एक लिंबू हातात घेतलं. "आईच म्हणतेय, तर..."

सभागृहात त्यांनी हेच सांगितलं – काष्टीच्या एका आईचा निरोप म्हणून. ठराव एकमताने मंजूर. पुढे लढाई पेटली. ती काय आमच्या ठरावाने पेटली? नसेल. या 'नसेल'मागे मी कितीदा लपलोय.

पण पुढचं कशामागे लपवू?

साहेबांनी गावात काकूंचा सत्कार ठेवला. शाल, साडी, नारळ. संत्याचा फोन कित्येक दिवस लागत नव्हता. मंचावर चढेपर्यंत काकू मला "परत लाव की" म्हणत होत्या. साहेबांनी माइकवरून माझं वाक्य त्यांच्या नावाने सांगितलं. टाळ्या पडल्या. काकू वळल्या – साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

"मी आसं कवा म्हनले रं?"

अगदी हळू विचारलं. माइक एव्हाना माझ्या हातात आला होता. बोलता आलं असतं की नाही?

"काकू, हात जोडा," मी म्हणालो. "फोटो घ्यायचाय."

त्यांनी जोडले.

संत्या घरी आला तो कुबड्यांवर. भेटायला गेलो. काकूंनी सरबत दिलं. तो फोटो, खाली छापलेल्या त्या वाक्यासकट, संत्याने कुठेतरी पाहिला होता.

"आये, तूच मागितली म्हनं की लढाई!" असं म्हणून तो हसला. मस्करीच करत होता – बहुतेक.

काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या. वाट बघत होत्या.

मी ग्लास संपवला आणि उठलो.