निळा पट्टा

आज रंगारी ऑफिसची खिडकी रंगवत होते. ऑइलपेंटचा वास आला आणि मी पिंपळी गावातल्या आमच्या अंगणात पोचलो.

पदवी झाली होती, पण नोकरीसाठी कुणी बोलवतही नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून स्वतःची वेबसाइट करायला बसलो, तर माझ्या नावाचा पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला. मला रडूच कोसळलं. “तात्या, माझं नावसुद्धा शिल्लक न्हाय.”

तात्या, म्हणजे माझे वडील, टोमॅटोच्या क्रेटवर निळा पट्टा ओढत होते. “मग पट्टा वढ की! बाजारात नाव कोण वाचतंय? ह्ये घे, डब्यात रंग हाय अजून.”

वैतागून साइटला ‘निळा पट्टा’ नाव दिलं, वर तसाच पट्टा ओढला. तरीही नोकरी लवकर लागली नाहीच.

तेव्हा ती चेष्टा वाटली होती. आता आठवतं, बाजारात हरवलेला क्रेट तात्या त्या पट्ट्यावरूनच ओळखून घरी आणायचे.