फेअर केलेलं लॉगबुक

"बघा मॅडम. एक खाडाखोड सापडली तर सांगा," असं म्हणून साळवेकाकांनी लॉगबुक माझ्या टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. चेहऱ्यावर नुसता आनंद.

मी उघडलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पेन, एकच अक्षर. तारखा, विमानांचे नंबर, तास, मिनिटं, सगळं एकाखाली एक. पायलटचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची वही, असं नसतं हो! ते वर्षानुवर्षं हँगरमध्ये आणि बॅगेत फिरलेलं असतं. शाई बदलते, कोपरे मुडपतात, कुठे ऑइलचा डाग पडतो.

आधी माझं काम सांगते. मी पायलट नाही. विमानात बसले की मला मळमळतं. एका फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात बरीच वर्षं होते, आता संत तुकाराम नगरात घराच्या पुढच्या खोलीत बसून पोरापोरींच्या लायसन्सच्या फाइली करून देते. लोकांना वाटतं, विमान उडवण्याची परीक्षा पास झाली की झाला पायलट. तसं नसतं. टेस्ट घेणारा परीक्षक रिपोर्ट भरतो, तो वेगळा. पण ते उड्डाण विद्यार्थ्यानं स्वतःच्या लॉगबुकात लिहायचं, त्यापुढे परीक्षकानं सही करायची, आणि सगळ्या तासांची बेरीज क्लबच्या मुख्य इन्स्ट्रक्टरनं तपासून सही-शिक्का द्यायचा. एवढं झालं की फाइल पुढे जाते. हल्ली पोर्टलवर चढवावं लागतं, पण तपासणीला मूळ वही लागतेच.

शेवटच्या टेस्टच्या ओळीवर आले. रात्रीचं उड्डाण, काकांच्या मुलाचं, प्रतीकचं. परीक्षकाच्या सहीच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सही/-'.

"काका, हे काय?"

"तिथं साहेबांची सही होती ना. दुसऱ्याची सही आपण कशी करायची? म्हणून नक्कल करताना लिहितात तसं लिहिलं."

"नक्कल? मग अस्सल कुठंय?"

"ते फाडलं."

मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागले. काकांना वाटलं मी कौतुकानं बघतेय. ते सांगत राहिले. काका चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. तिथे ऑडिट आलं की लाइनवरच्या काळ्या झालेल्या चेकशीट रात्रभर बसून 'फेअर' करायच्या, म्हणजे स्वच्छ कागदावर उतरवायच्या. आणि फेअर झालं की रफ फाडायचं. एका कामाचे दोन कागद ऑडिटरला दिसले तर तो शंभर प्रश्न विचारतो. अख्खी नोकरी त्यांनी हेच केलं होतं. प्रतीक मित्राच्या लग्नाला राजगुरुनगरला गेला होता. जाताना म्हणाला, "पप्पा, लॉगबुक मॅडमकडे देऊन या. जरा घाण झालंय, ऑब्जेक्शन काढतील बहुतेक." झालं! काका कामाला लागले.

"आकडा एक बदलला नाही, मॅडम. तीनदा टॅली केलंय."

"अहो, आकड्याचं नाही काका! सह्या गेल्या ना! कुठे टाकलंत?"

"घंटागाडीत. सुक्या कचऱ्यात."

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. चष्मा हातातच राहिला. मी समजावून सांगितलं, की लॉगबुकात चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहून सही करायची. खाडाखोड चालते. नव्यानं उतरवलेलं चालत नाही. ते "हो, हो" म्हणत राहिले, पण ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते एकटे बसनं मोशीच्या कचरा डेपोवर गेले. गेटवरच्या माणसानं आत सोडलं नाही. सोडलं असतं तरी काय मिळणार होतं?

प्रतीक लग्नाहून परतून काकांबरोबर माझ्याकडे आला तेव्हा मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यानं घेतला नाही. ते फेअर लॉगबुक त्यानं चाळलं, 'सही/-' वर बोट ठेवलं आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "पप्पा, काय केलंत हे?"

"चुकलं रे."

तो उठून गेला. त्या दिवसापासून घरात त्यानं वडिलांशी बोलणं टाकलं.

मला मात्र हातपाय गाळून चालणार नव्हतं. प्रतीकच्या लेखी परीक्षांच्या निकालांची मुदत संपत आली होती. ती संपण्याआधी फाइल दाखल झाली नाही तर सगळे पेपर पुन्हा द्यायचे. घाई होती ती याची. मी चौकशी केली. लॉगबुक हरवलं असेल, तर पोलिसांत तक्रार द्यायची. क्लब आपल्या रजिस्टरवरून तास लिहून देतो, परीक्षक रिपोर्टच्या प्रतीवरून टेस्टला दुजोरा देतो, आणि दुसरं लॉगबुक तयार होतं. लॉगबुकं हरवतात. ट्रेनमध्ये, रिक्षात. रोजचंच आहे. मुद्दाम नष्ट केलं असेल तर मात्र भानगड. मग टेस्टचं उड्डाण पुन्हा करा म्हणतात.

काकांना घेऊन मी चौकीत गेले. हवालदार भला माणूस. म्हणाले, "ज्याच्या हातून हरवलं त्याचा जबाब लागेल. काका, कुठं हरवलं?"

"हरवलं नाही साहेब. मी फाडलं."

मी टेबलाखालून पाय मारला. काकांनी पाय बाजूला घेतला आणि पुन्हा तेच.

बाहेर येऊन मी तोंडाचा पट्टाच सोडला. "काका, तुमच्या खरेपणानं पोराचा घास चाललाय, कळतंय का? दोन शब्द बोलायला काय जातं तुमचं?"

"मॅडम, मी आयुष्यात बाद पीसवर ओके मारला नाही. साहेब डोक्यावर उभा राहिला तरी नाही. आमची चेकशीट फेअर असायची, खोटी कधी नव्हती. आता पोलिसासमोर कसं बोलू?"

मला राग आला होता, आणि त्या माणसाची दयाही येत होती.

मग टेस्टचं उड्डाण पुन्हा करायचा मार्ग उरला. क्लबला फोन लावला. "मॅडम, विमान इंजिनच्या कामाला गेलंय. कधी येईल सांगता येत नाही." दुसऱ्या क्लबला लावला, तिथे आधीच रांग. तिसऱ्यानं फोन उचलला नाही. रोज सकाळी पूजा आटोपली की मी फोन घेऊन बसायचे. काका दर दोन-चार दिवसांनी यायचे. लायसन्सचं विचारायचे नाहीत. विचारायचे, "प्रतीक आला होता का? काही बोलला का तुमच्याशी?" घरात पोरगा समोर असायचा आणि खबर माझ्याकडे विचारावी लागायची. फार वाईट वाटायचं हो.

मुदत अगदी तोंडावर आली तेव्हा काका सकाळीच आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "लिहा मॅडम. रिक्षात हरवलं म्हणून लिहा. मी सही करतो. प्रतीकला बोलवा, त्याची पण सही लागेल ना?"

हवालदारांनी त्या दिवशी काही लिहून घेतलं नव्हतं. मी लगेच टाइप केलं. मला विचाराल तर मी खूश होते. काम होणार होतं. प्रतीक आला, हेल्मेट हातात, वडिलांपासून एक खुर्ची सोडून बसला. मी कागद काकांपुढे सरकवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. पेन कागदावर टेकवलं आणि ते तिथेच अडलं. ज्या हातानं अख्खं लॉगबुक एका रेषेत उतरवलं होतं, त्याला स्वतःचं नाव लिहिता येईना. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"काका, करा पटकन," मी म्हणाले.

त्यांच्या नावातल्या पहिल्या 'म'ची रेघ उमटली. प्रतीकनं हात लांब करून पेन काढून घेतलं.

"नको, पप्पा."

"अरे, करतो मी. तुझं लायसन्स..."

"राहू दे. माझ्यासाठी खोटं नका लिहू. तुम्हाला झोप यायची नाही मग."

मी म्हणाले, "प्रतीक, वेड्यासारखं करू नकोस. दिवस राहिलेत किती?"

"माहितीये मॅडम." त्यानं कागद माझ्याकडे परत सरकवला. "चला पप्पा. घरी चला. आई जेवायची थांबली असेल."

काका उठले. पोराचा खांदा धरूनच उठावं लागलं त्यांना. दोघं गाडीवर बसून गेले आणि मी तो कागद हातात घेऊन दारात उभी राहिले. रडले. खोटं कशाला सांगू?

मुदत गेली. क्लबचं विमान त्यानंतर दुरुस्त होऊन आलं. प्रतीक आता तळवड्याच्या एका वेअरहाउसमध्ये शिफ्टला जातो. पेपर पुन्हा देणार असं एकदा म्हणाला होता. नंतर काही बोलला नाही, आणि मीही विचारत नाही. परवा दोघं बापलेक बाजारात मेथीची जुडी निवडताना दिसले. बोलत होते. मी लांबूनच गेले.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एकच नियम नवीन केलाय. लॉगबुक ज्याचं असेल त्यानंच स्वतःच्या हातानं आणून द्यायचं. आईबापाच्या हाती पाठवलं तर मी घेत नाही. लोक म्हणतात, बाई फार कडक आहे. म्हणू देत.